आरएसएस फीड : चर्चामंचांवरील नव्या लेखनाचा मागोवा

आरएसएस फीड म्हणजे संकेतस्थळावर नव्याने आलेल्या लेखनाची, यंत्राला वाचता येईल अशा ठरावीक रचनेत मांडलेली आणि वेळोवेळी अद्ययावत होणारी यादी. वाचक फीड रीडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हव्या त्या फीडचे पत्ते नोंदवतो. ते सॉफ्टवेअर ठरावीक काळाने प्रत्येक पत्त्यावर जाऊन यादी आणते आणि आधी न आलेल्या नोंदी तेवढ्या वाचकासमोर मांडते. बातम्या, ब्लॉग आणि पॉडकास्ट यांच्यासाठी ही पद्धत मुख्यतः ओळखली जाते. तथापि तिची खरी कसोटी लागते ती चर्चामंचांवर, कारण मंचावरचे नवे लेखन एका जागी येत नाही. सकाळी गजबजलेला धागा, म्हणजे एका विषयावरील प्रतिसादांची मालिका, संध्याकाळी थंडावतो, वर्षानुवर्षे पडून असलेल्या धाग्यावर अचानक मोलाचा प्रतिसाद येतो, आणि मुखपृष्ठ पाहून हे कळेलच याची खात्री नसते.

वेबच्या आधीच्या यूझनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर ही अडचण फारशी नव्हती. तेथे वाचनाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या खात्यातच असे आणि कोणत्या गटातील कितव्या क्रमांकापर्यंतचे लेख वाचून झाले याची नोंद एका फाइलमध्ये ठेवत असे. चर्चा वेबवर आल्या तेव्हा ही नोंद वाचकाच्या हातून निसटून प्रत्येक मंचाकडे स्वतंत्रपणे गेली. परिणामी दहा मंच वाचणाऱ्याला दहा ठिकाणी जाऊन ‘नवे काय’ हे पाहावे लागू लागले. काय वाचले आणि काय राहिले याचा हिशेब फीडने पुन्हा वाचकाच्या हाती दिला, आणि प्रस्तुत पद्धतीचे सर्वांत मोठे श्रेय हेच मानले पाहिजे.

आरएसएसची पहिली आवृत्ती, ०.९०, नेटस्केप कंपनीने मार्च १९९९ मध्ये आपल्या ‘माय नेटस्केप’ या संकेतस्थळासाठी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जुलैमध्ये ०.९१ ही सोपी केलेली आवृत्ती आली. नेटस्केपने लक्ष काढून घेतल्यावर विकासाच्या दोन शाखा झाल्या : डिसेंबर २००० मध्ये एका गटाने आरडीएफ या रचनेवर आधारलेली १.० आवृत्ती काढली, तर यूझरलँड कंपनीचे डेव्ह वायनर यांनी साधेपणाचा आग्रह धरत ०.९२ आणि सप्टेंबर २००२ मध्ये २.० या आवृत्त्या आणल्या. २.० चे विनिर्देश २००३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्राकडे सोपवण्यात आले. या फाटाफुटीला कंटाळलेल्या तंत्रज्ञांनी ॲटम नावाची वेगळी रचना तयार केली आणि डिसेंबर २००५ मध्ये ती आरएफसी ४२८७ या क्रमांकाने इंटरनेट मानक म्हणून प्रसिद्ध झाली. आजचे बहुतेक फीड रीडर हे सर्व प्रकार वाचतात, त्यामुळे मंच यांपैकी कोणता प्रकार पुरवतो याची वाचकाने चिंता करण्याचे कारण उरलेले नाही.

फीड ही एक्सएमएल भाषेतील साधी फाइल असते. तिच्यात मंचाचे नाव व पत्ता, आणि त्याखाली प्रत्येक नोंदीचे शीर्षक, दुवा, मजकूर किंवा त्याचा सारांश, प्रसिद्धीची वेळ आणि एक कायमस्वरूपी ओळखचिन्ह असते. हे ओळखचिन्ह महत्त्वाचे, कारण रीडर शीर्षकावरून नव्हे तर त्यावरून नोंद जुनी की नवी हे ठरवतो. म्हणूनच एखादा मंच नव्या सॉफ्टवेअरवर हलवला गेला आणि ओळखचिन्हे बदलली, की आधी वाचून झालेल्या नोंदी पुन्हा ‘न वाचलेल्या’ म्हणून समोर येतात. हा रीडरचा दोष नसतो. मंचचालकाने जुनी ओळखचिन्हे जपली असती, तर तो टळला असता.

रीडरने वारंवार चौकशी केल्यामुळे मंचाच्या सर्व्हरवर ताण येऊ नये याची तरतूद एचटीटीपी या वेबवरील देवाणघेवाणीच्या नियमसंचातच आहे. मागच्या वेळी मिळालेली आवृत्तीची खूण किंवा बदलाची वेळ रीडर विनंतीसोबत परत पाठवतो. दरम्यान काहीच बदल झाला नसेल तर सर्व्हर संपूर्ण फाइल न देता ३०४ या क्रमांकाचे छोटे उत्तर देतो. जो रीडर ही तरतूद पाळत नाही आणि दर मिनिटाला पूर्ण फाइल मागतो, त्याला काही मंच सरळ अडवतात, आणि ते योग्यच आहे. या पद्धतीत मुळात वाचकाकडूनच चौकशी व्हावी लागते. ती टाळून नवी नोंद येताच कळवणारी वेबसब ही व्यवस्था जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची शिफारस बनली. ती उपयोगी पडण्यासाठी मंच आणि रीडर या दोघांनीही ती राबवावी लागते.

चर्चामंचावर फीड वापरताना सर्वाधिक विचार करावा लागतो तो कोणती फीड घ्यावी याचा. बहुतेक मंच-सॉफ्टवेअर एकच फीड देत नाही. संपूर्ण मंचावरच्या सर्व प्रतिसादांची एक, फक्त नव्या धाग्यांची दुसरी, प्रत्येक विभागाची वेगळी आणि कित्येकदा प्रत्येक धाग्याचीही स्वतंत्र फीड उपलब्ध असते. डिस्कोर्स या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या मंचांत विभागाच्या किंवा धाग्याच्या पत्त्यापुढे ‘डॉट आरएसएस’ जोडले की त्याची फीड मिळते. रेडिटवरही समूहाच्या पत्त्याला तेच जोडण्याची सोय दीर्घकाळ आहे. पीएचपीबीबी हे सॉफ्टवेअर ॲटम फीड पुरवते. नवखा वाचक सहसा सर्व प्रतिसादांची फीड घेतो, दोन दिवसांत शेकडो तुटक वाक्यांखाली दबतो आणि पद्धतच निरुपयोगी ठरवून मोकळा होतो. वस्तुतः गजबजलेल्या मंचासाठी नव्या धाग्यांची फीड पुरेशी असते, त्यातला जो धागा खरोखर महत्त्वाचा वाटेल त्याची स्वतंत्र फीड घ्यावी आणि चर्चा संपली की ती काढून टाकावी. उलट महिन्यातून चारदोन प्रतिसाद येणाऱ्या, पण जाणकारांच्या मंचासाठी सर्व प्रतिसादांची फीडच योग्य. असे मंच केवळ आठवणीने वाचले जात नाहीत, आणि फीडमुळे तेथील एकही उत्तर हुकत नाही. एखाद्या विशिष्ट यंत्राच्या दुरुस्तीवर किंवा दुर्मीळ आजारावर चर्चा करणाऱ्या लहान समूहांना या सवयीचा फार आधार असतो : प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळते ते कोणीतरी दूर राहूनही लक्ष ठेवून असल्यामुळे.

फीडची एक मर्यादा मात्र वाचकाने पक्की ध्यानात ठेवावी. फीडमध्ये मंचाचा सारा संग्रह नसतो, शेवटच्या काही नोंदीच असतात. समजा फीडमध्ये २५ नोंदी मावतात आणि मंचावर तासाला १०० प्रतिसाद येतात. अशा वेळी तासातून एकदा चौकशी करणाऱ्या रीडरला त्यांतले ७५ प्रतिसाद कधीच दिसणार नाहीत, आणि काही निसटले याची सूचनाही मिळणार नाही. चौकशीचा काळ कमी करणे किंवा लहान व्याप्तीची फीड घेणे हे त्यावरचे उपाय आहेत. संपादित आणि काढून टाकलेल्या लेखनाची गोष्ट वेगळी : रीडरने एकदा उचललेली नोंद मंचावरून काढली तरी वाचकाकडे राहू शकते, त्यामुळे नियामकांनी हटवलेली जाहिरातबाजी किंवा शिवीगाळही तेथे दिसते.

सदस्यांपुरत्या मर्यादित विभागांची फीड हा नाजूक विषय आहे. पुष्कळ रीडर लॉगिन करू शकत नसल्याने काही मंच प्रत्येक सदस्याला गुप्त संकेत असलेला पत्ता देतात. हा पत्ता ज्याच्या हाती पडेल त्याला तो विभाग वाचता येतो. म्हणून तो पासवर्डइतकाच जपावा आणि परक्या सर्व्हरवर चालणाऱ्या रीडरमध्ये विचारपूर्वकच घालावा. सार्वजनिक फीडबाबत स्थिती याउलट आहे. तेथे ईमेलचा पत्ताही द्यावा लागत नाही, नोंदी आवडीनिवडीच्या अंदाजाने न लावता वेळेच्या क्रमाने येतात आणि अनुसरण थांबवण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झालेली गूगल रीडर ही सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली, आणि डिसेंबर २०१८ मधील फायरफॉक्सच्या ६४ व्या आवृत्तीतून फीड वाचण्याची अंगभूत सोय काढण्यात आली. त्यामुळे फीडचे केशरी चिन्ह अनेक मंचांवरून दिसेनासे झाले, तरी फीड पुष्कळदा तेथेच असते. पानाच्या मूळ संहितेत तिचा पत्ता नोंदवलेला असल्यास मंचाचा साधा पत्ता रीडरमध्ये घातला तरी तो फीड स्वतः शोधून काढतो. फीडली, इनोरीडर, नेटन्यूजवायर, फ्रेशआरएसएस आणि ईमेलसाठी वापरले जाणारे थंडरबर्ड यांतून आज फीड वाचता येतात. यांतील कोणतीही सेवा उद्या बंद पडली तर अनुसरलेल्या फीडची यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये उतरवून दुसरीकडे नेता येते, आणि ही फाइल अधूनमधून काढून ठेवणे शहाणपणाचे आहे.