गाणं एकाचं, रेकॉर्डिंग दुसऱ्याचं

आमच्या बँडचं पहिलं गाणं आजही सगळ्या ॲपवर ऐकता येतं. ते तिथून काढणं आमच्या हातात नाही. पण तेच गाणं उद्या आम्ही पुण्यातल्या एखाद्या कॅफेत वाजवू शकतो, नव्याने रेकॉर्ड करू शकतो, दुसऱ्या गायिकेला गायला देऊ शकतो. यातल्या कशासाठीही आम्हाला त्या जुन्या रेकॉर्डिंगच्या मालकाला विचारावं लागत नाही.

झालं ते असं. शब्द माझे, चाल आमच्या गिटारवाल्याची. खिशात पैसे नव्हते, म्हणून स्टुडिओचं बिल ड्रमरच्या एका मित्राने भरलं. तारखा त्यानेच ठरवल्या, साउंड इंजिनिअर त्यानेच आणला, मिक्सिंगला तोच बसला आणि तयार गाणं त्याने स्वतःच्या खात्यावरून चढवलं. कागदावर एक ओळ नव्हती. पुढे बिनसलं तेव्हा तो म्हणाला, "गाणं माझं आहे." आम्ही म्हणालो, "गाणं आमचं आहे." सहा महिने हेच चाललं. शेवटी एका वकील मैत्रिणीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठलं गाणं? तुम्ही रचलेलं, की त्याने रेकॉर्ड करून घेतलेलं?"

त्या दिवसापर्यंत आमच्यासाठी ती एकच गोष्ट होती. मराठीत दोन्हीला आपण 'गाणं'च म्हणतो, गोंधळ तिथूनच सुरू होतो.

१९५७ चा कॉपीराइट कायदा मात्र या दोन वस्तू वेगळ्या धरतो. पहिली म्हणजे रचना. तिच्यातही शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती. 'संगीतकृती'च्या व्याख्येतून शब्द स्पष्टपणे वगळलेले आहेत, त्यामुळे गीतकार आणि संगीतकार दोघांचे हक्क स्वतंत्र उभे राहतात. दुसरी वस्तू म्हणजे ध्वनिमुद्रण: अमुक दिवशी अमुक खोलीत अमुक माणसांनी जे वाजवलं, त्याची पक्की फाइल. धंद्यात तिला 'मास्टर' म्हणतात. दोन्हींसाठी नोंदणी सक्तीची नाही. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला हे चटकन समजेल. यमनमधली एकच बंदिश दहा जण गातात आणि तिच्या दहा कॅसेटी निघतात. बंदिश एक, मुद्रणं दहा.

रचना रचणाऱ्याची, हे सरळ आहे. मुद्रण कुणाचं, हे तितकं सरळ नाही. कायदा म्हणतो, ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा 'निर्माता', आणि निर्माता म्हणजे ते घडवण्यात पुढाकार घेणारा आणि त्याची जबाबदारी उचलणारा. इथे तरुण पोरं हमखास फसतात, कारण आपल्या खोलीत 'प्रोड्यूसर' म्हणजे लॅपटॉपवर बीट, म्हणजे गाण्यामागचं संगीत, बनवणारा मित्र. कायद्यातला निर्माता तो नव्हे. बीट बनवणारा हा बहुतेक वेळा संगीतकार असतो, म्हणजे रचनेच्या बाजूचा माणूस. आमच्या बाबतीत बिल भरणारा, माणसं जमवणारा, शेवटपर्यंत मागे लागणारा तो मित्र होता. मला ते कबूल करायला फार जड गेलं, पण मुद्रणावरचा त्याचा दावा खोटा नव्हता. आणि रचनेवरचा आमचाही नव्हता.

रॅप करणाऱ्यांना यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. इंटरनेटवरून थोड्या पैशांत 'लीज'वर घेतलेला बीट हा भाड्याचा असतो. तोच बीट आणखी पन्नास जणांना दिलेला असू शकतो. शब्द तुमचे, पण चालीचा मालक दूर कुठेतरी बसलेला. गाणं गाजलं की तो हिशेब समोर येतो.

सगळ्यात लख्ख फरक मंचावर दिसतो. गणपतीच्या मिरवणुकीतली बँजो पार्टी आठवा. सिनेमातल्या गाण्याची चाल ती स्वतः वाजवते, स्पीकरवर मूळ रेकॉर्ड नसतं. म्हणजे वापरली गेली ती फक्त रचना. तिच्या मागून येणारा डीजे मूळ फाइलच लावतो, म्हणजे रचना आणि मुद्रण दोन्ही वापरतो. या दोघांच्या मधोमध आपल्या गावोगावच्या ऑर्केस्ट्रातला गायक उभा असतो. तो स्वतः गातो, पण मागे 'मायनस ट्रॅक', म्हणजे गाण्यातला आवाज काढून उरलेलं संगीत, वाजतो. लोकांना वाटतं हे लाइव्ह गाणं आहे, पण तो ट्रॅकही कुणीतरी मुद्रित केलेला असतो आणि त्याचाही कुणीतरी मालक असतो.

हॉटेलवाल्याकडे एकापेक्षा जास्त संस्था पैसे मागायला येतात, तो वैतागतो, त्यामागे हेच कारण आहे. आयपीआरएस ही १९६९ मध्ये स्थापन झालेली, मुंबईत मुख्यालय असलेली संस्था गीतकार, संगीतकार आणि त्यांचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशक कंपन्यांसाठी, म्हणजे रचनेसाठी वसुली करते. पीपीएल मुद्रणांचे पैसे मागते. तुम्ही कॅफेत गिटार घेऊन दुसऱ्याची गाणी गाणार असाल तर आयपीआरएसचा परवाना लागतो, आणि तो सहसा जागेच्या मालकाने किंवा आयोजकाने घ्यायचा असतो. मध्यंतरात ब्लूटूथवर रेकॉर्ड वाजवलं की मुद्रणाचाही प्रश्न आला. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कायद्यात सूट आहे. तिची व्याप्ती किती, यावर गोव्यात मोठा वाद झाला आणि तिथल्या सरकारने काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केलं.

आता स्वतःची गाणी गाणाऱ्यांचं काय? शनिवारी रात्री चाळीस माणसांसमोर तुम्ही स्वतःची आठ गाणी वाजवता, तेव्हा सुपारीचे पैसे मिळोत न मिळोत, आठ रचनांचं सार्वजनिक सादरीकरण झालेलं असतं. तुम्ही आयपीआरएसचे सभासद असाल, आयोजकाने परवाना घेतला असेल आणि कार्यक्रमात कोणती गाणी झाली याची यादी संस्थेपर्यंत पोहोचली असेल, तर त्यातला वाटा तुमच्याकडे यायला हवा. ही यादी देण्याची सवय आपल्या छोट्या मंचांवर जवळजवळ नाहीच. मी आता साउंडचेकच्या वेळीच ती आयोजकाच्या हातात ठेवतो. सेटलिस्ट आपण तशीही लिहितोच. तिच्यावर गीतकार-संगीतकारांची नावं टाकायला पाच मिनिटं लागतात.

त्याच रात्री एक दुसरी वस्तूही जन्माला येऊ शकते. मिक्सरवरचा मुलगा कन्सोलमधून सगळे चॅनल वेगवेगळे रेकॉर्ड करून ठेवतो. पुढे ते कोण वापरणार? सादरीकरण मुद्रित करू द्यायचं की नाही, हा हक्क कायद्याने कलाकाराला दिला आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. ड्रमर, बासवाला, कोरसमधल्या मुली यांनी ना शब्द लिहिले ना चाल केली, तरी हा हक्क त्यांचाही आहे. म्हणून 'रेकॉर्ड केलं तर चालेल ना?' या प्रश्नाला घाईत 'हो रे' म्हणण्याआधी, फाइल कुणाकडे राहील आणि तिचं काय होईल हे विचारून घ्यावं. जागेच्या मालकाशी यावरून वाईटपणा येत नाही, माझा तरी तसा अनुभव आहे.

अभंगांचा विषय मला सगळ्यात जवळचा, कारण आज मराठीत गिटार घेऊन अभंग गाणारी कितीतरी पोरं आहेत. मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट'सारख्या बँडने त्याला मोठा श्रोता मिळवून दिला. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यावर कुणाचा हक्क नाही. वारीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चालही तशीच. पण संगीतकार श्रीनिवास खळ्यांनी तुकोबांच्या अभंगांना ज्या चाली लावल्या आणि लता मंगेशकरांनी गायल्या, त्या चाली मोकळ्या नाहीत. रचनेवरचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्या चाली २०७१ अखेरपर्यंत कुणाच्या तरी मालकीच्या आहेत. 'अभंग आहे, त्याला कसला कॉपीराइट' असं म्हणून त्याच चालीवर रेकॉर्डिंग चढवणारे मित्र मी पाहिले आहेत. देवाचं नाव घेतल्याने संगीतकाराचा हक्क संपत नाही. उलट तुम्ही पारंपरिक अभंगाला स्वतःची नवी चाल लावली, तर ती चाल पूर्ण तुमची.

मुद्रणाचं आयुष्य वेगळं मोजतात: प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणून १९६० मध्ये निघालेल्या तबकडीवरचा मुद्रणहक्क २०२० अखेर संपला, पण तिच्यातली चाल आणि शब्द अजून हक्काखाली असू शकतात. आजोबांच्या जुन्या तबकडीतला तुकडा कापून बीटमध्ये घालताना हे लक्षात ठेवावं लागतं.

कव्हरचं, म्हणजे दुसऱ्याचं गाणं स्वतः गाण्याचंही असंच. मंचावर कव्हर गाणं आणि ते रेकॉर्ड करून विकणं यांत अंतर आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने कव्हरसाठी एक वाट दिली आहे: मूळ मुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, आधी नोटीस द्यायची, आणि दर वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं स्वामित्वधन (रॉयल्टी) मोजायचं. खोलीत बसून गाणाऱ्या एकट्या पोरासाठी ही वाट फारच महाग आहे, आणि 'प्रती' हा शब्दच कॅसेटच्या जमान्यातला आहे. त्यामुळे बहुतेकांनी हक्कदाराशी थेट बोलणं बरं.

पैशांच्या वाटाही दोन आहेत, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसा जागच्या जागी पडून राहतो. डिस्ट्रिब्युटर तुमची फाइल ॲपवर चढवतो आणि दर महिन्याला काही रुपये पाठवतो. ते मुद्रणाचे पैसे. रचनेचा वाटा त्या वाटेने येत नाही, तो आयपीआरएससारख्या संस्थेमार्फत किंवा प्रकाशकामार्फत येतो. सभासद झाला नाहीत, गाणी नोंदवली नाहीत, तर तो येणारच नाही. ओळखक्रमांकसुद्धा दोन आहेत. मुद्रणाला बारा अक्षरांचा आयएसआरसी, रचनेला आयएसडब्ल्यूसी. त्याच गाण्याची लाइव्ह आवृत्ती काढली तर आयएसआरसी नवा लागतो, आयएसडब्ल्यूसी तोच राहतो. आमच्या भांडणाचं उत्तरही इथेच निघालं. त्या मित्राच्या मुद्रणाचे पैसे त्याला मिळोत, पण ते मुद्रण वाजलं की रचनेचा वाटा मला आणि गिटारवाल्याला मिळायला हवा. मिळत नव्हता, कारण आम्ही गाणं कुठे नोंदवलंच नव्हतं.

रेडिओवाले बरीच वर्षं म्हणत होते की मुद्रणाचे पैसे दिले, आता रचनेचे वेगळे कशाला? एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की गीतकार-संगीतकारांचा वाटाही द्यावा लागेल. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना आणखी एक कवच दिलं आहे: हक्क लिहून दिला तरी स्वामित्वधनातला बरोबरीचा वाटा सोडून देता येत नाही. सिनेमागृहात सिनेमासोबत गाणं वाजतं, तेवढा वापर याला अपवाद. 'सगळे हक्क कायमचे दिले' असं छापलेल्या कागदावर सही केलेल्यांनी हे जरूर वाचावं. आणि करारात मुदत लिहिलीच नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. भूप्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरता.

हा फरक जगभर पोहोचला तो अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टमुळे. तिच्या पहिल्या सहा अल्बमची मास्टर २०१९ मध्ये तिच्या हाताबाहेर विकली गेली, पण गाणी तिनेच लिहिलेली. म्हणून २०२१ पासून तिने जुने अल्बम पुन्हा गाऊन नव्याने काढायला सुरुवात केली, आणि २०२५ मध्ये जुनी मास्टरही विकत घेतली. तिच्यासारखा पैसा आपल्याकडे नाही. पण रचना आपली असेल तर पुन्हा रेकॉर्ड करण्याची वाट कोथरूडच्या बँडलाही तितकीच खुली आहे, फक्त 'इतकी वर्षं पुन्हा रेकॉर्ड करणार नाही' अशी अट कुठल्या कागदावर मान्य केलेली नसावी.

आम्ही तेच केलं. आता स्टुडिओत जाण्याआधी वहीच्या एका पानावर लिहून सगळे सह्या करतो: शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचा किती टक्के. त्याखाली एक रेघ ओढून दुसरा भाग: बिल कोण भरणार, मास्टर कुणाचं, कुणाच्या खात्यावरून चढणार. पहिलं पान आम्ही त्या जुन्या गाण्यासाठीच लिहिलं. नवं मुद्रण आमच्या चौघांच्या नावावर आहे, थोडं संथ, मधे संवादिनी. ॲपवर नाव शोधलं की अजून जुनंच वर येतं, आमचं त्याच्या खाली. कार्यक्रमात ते गाणं झालं की मी माइकवरून लोकांना सांगतो, दुसरं ऐका, ज्यात पेटी आहे ते.