मोठं झालं म्हणून पथ्य सुटत नाही: पीकेयू आणि तशाच जन्मजात आजारांच्या मोठ्या माणसांसाठी

नमस्कार. पिठाच्या पाकिटासोबत हा कागद मुद्दाम टाकलाय, जरा वेळ काढून वाचा आणि घरात जे कोणी स्वयंपाक करतं त्यांच्याही हातात द्या. आमचं इंदूरला छोटंसं युनिट आहे, लो प्रोटीन आटा, शेवया आणि बेकिंग मिक्स बनवतो, घरातलीच चार माणसं आहोत. आधी आमच्याकडे फक्त लहान मुलांचे आईवडील यायचे, आता पेशंट स्वतःच फोन करतात, कुणी नोकरीला लागलंय, कुणाचं लग्न ठरलंय, आणि प्रश्न बहुतेकांचा एकच, "दादा, आता मी मोठा झालो ना, अजून किती वर्षं हे पथ्य?"

आयुष्यभर. हे सांगताना आम्हालाही वाईट वाटतं, पण गोल गोल बोलून काही फायदा नाही.

कारण साधं आहे. गिरणीत वरून गहू ओतत राहिलात आणि खालचं जातं अडकलं असेल तर दाणे साचणारच. या आजारांत शरीरातलं एखादं एन्झाइम, म्हणजे खाल्लेलं मोडून वापरायला मदत करणारा पदार्थ, जन्मापासून नसतं किंवा अगदी कमी असतं. पीकेयूमध्ये, म्हणजे फिनाइलकीटोन्युरियामध्ये, प्रोटीनमधलं फिनाइलॲलॅनिन नावाचं अमायनो ॲसिड मोडणारं एन्झाइम काम करत नाही, मग ते रक्तात साचतं आणि मेंदूला त्रास देतं. वय वाढलं म्हणून ते एन्झाइम तयार होत नाही. १९३४ मध्ये नॉर्वेच्या डॉ. फॉलिंग यांनी हा आजार ओळखला, १९५३ मध्ये बर्मिंगहॅमला डॉ. बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान मुलीला कमी फिनाइलॲलॅनिनचं जेवण देऊन फरक पडतो हे दाखवलं. त्यानंतर बरीच वर्षं डॉक्टरच सांगायचे की मेंदूची वाढ झाली की पथ्य सोडा. नंतर लक्षात आलं की सोडलेल्यांचं लक्ष लागत नाही, चिडचिड, घबराट, उदासी वाढते, काहींचे हात थरथरतात, आणि मग सल्ला बदलला. म्हणून कोणी जुन्या माहितीवर "आता सगळं खा" म्हटलं तर ऐकू नका, आधी लेव्हल, म्हणजे रक्तातलं फिनाइलॲलॅनिन, तपासा.

आमच्या घरातलंच सांगतो, कारण हे युनिट त्यातूनच सुरू झालं. माझ्या पुतणीला पीकेयू आहे. बारावीपर्यंत वहिनीने वजनकाट्यावर तोलून खाऊ घातलं, मग ती शिकायला बाहेर गेली, हॉस्टेलच्या मेसमध्ये डाळ पोळी सुरू झाली आणि फॉर्म्युला पावडर कपाटात तशीच राहिली, मैत्रिणींसमोर प्यायची लाज वाटायची म्हणे. वर्षभराने घरी आली तर अभ्यासात लक्ष नाही, कुणाशी नीट बोलणं नाही, आम्हाला वाटलं परीक्षेचं टेन्शन असेल. रक्त तपासलं तर लेव्हल हजार मायक्रोमोलच्या वर. पथ्य आणि पावडर परत सुरू केल्यावर काही आठवड्यांत ती स्वतःच म्हणाली, "काका, डोक्यावरचं झाकण काढल्यासारखं वाटतंय." तेव्हापासून आम्ही प्रत्येक ग्राहकाला हेच सांगतो, एकटं राहायला जाताय तर पिठाआधी पावडरीची सोय बघा.

पावडर म्हणजे फिनाइलॲलॅनिन काढून टाकलेल्या अमायनो ॲसिडचा मेडिकल फॉर्म्युला. तो आम्ही विकत नाही, तो डॉक्टर किंवा मेटाबॉलिक डाएटिशियनच ठरवून देतात. पण तो सोडून नुसतं आमचं पीठ खाऊ नका, हे हात जोडून सांगतो. फॉर्म्युला बंद केला की शरीर स्वतःचे स्नायू मोडून प्रोटीन घेतं आणि लेव्हल उलट चढते, शिवाय बी १२, लोह वगैरे त्यातूनच मिळत असतं, नाहीतर कमी पडतं. आणि तो दिवसातून तीन वेळा वाटून घ्यायचा, सकाळी एकदाच ढोसून मोकळं व्हायचं नाही.

आता हिशोब. क्लासिक, म्हणजे तीव्र पीकेयूच्या बऱ्याच जणांना दिवसाला साधारण १० ग्रॅमच्या आतच जेवणातलं प्रोटीन चालतं. १ ग्रॅम प्रोटीन म्हणजे अंदाजे ५० मिलिग्रॅम फिनाइलॲलॅनिन. साध्या कणकेच्या एका पोळीत सुमारे ३ ग्रॅम प्रोटीन जातं, म्हणजे तीन पोळ्यांत दिवसाचा कोटा संपला! डाळ, बेसन, शेंगदाणे यांत १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर असतं, म्हणून आपली इंदुरी शेव पोह्यांवर भुरभुरवणं बंद. पोहेसुद्धा मोजून, त्यात १०० ग्रॅममागे ७ ग्रॅमच्या आसपास आहे. साबुदाणा मात्र मित्र आहे, तो जवळजवळ नुसता स्टार्च, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी खुशाल करा पण दाण्याचा कूट अजिबात घालू नका आणि सराफ्याच्या खाऊगल्लीतली खाऊ नका, कारण तिकडे दाणे असतातच. बटाट्यात १०० ग्रॅमला दीड ग्रॅमच्या आसपास आहे, तोही मोजावा लागतो. डाएट कोल्ड्रिंक आणि शुगर फ्री गोळ्यांत ॲस्पार्टेम असेल तर त्यातून थेट फिनाइलॲलॅनिन मिळतं, लेबलवर पीकेयूवाल्यांसाठी सूचना असते, बारीक अक्षरात असते पण वाचा.

आमच्या आट्यात गव्हाचा स्टार्च, साबुदाणा पीठ आणि नीमचकडचं इसबगोल असतं, ग्लूटेन जवळपास नसल्यामुळे पोळी तुटते, ती धरून ठेवायला इसबगोल लागतंच. कोमट पाण्यात भिजवा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा, दोन प्लास्टिकच्या मध्ये लाटा. पहिल्या चार पोळ्या बिघडतील, पाचवी जमते.

मुलींसाठी आणि त्यांच्या सासरच्यांसाठी एक गोष्ट वेगळी लिहितोय. पीकेयू असलेल्या बाईला दिवस जाणार असतील तर त्याच्या आधीपासून लेव्हल लिटरमागे १२० ते ३६० मायक्रोमोलमध्ये आणलेली असायला हवी आणि बाळंत होईपर्यंत तिथेच ठेवायला हवी. नाहीतर बाळाला स्वतःला पीकेयू नसलं तरी त्याच्या हृदयावर, डोक्याच्या वाढीवर परिणाम होतो. दिवस गेल्यावर बघू असं चालत नाही. लग्न ठरताना हे बोलायला संकोच वाटतो, पण बोला, लपवू नका. नीट तयारी केली तर अशा बायकांना निरोगी मुलं होऊ शकतात.

आमच्याकडे दुसऱ्या आजारांचेही लोक येतात, आणि सगळ्यांना एकच पथ्य नसतं. ग्लायकोजेन स्टोरेज, टाइप एकवाल्यांना (शरीरात साठलेली साखर यांना वापरता येत नाही) रक्तातली साखर टिकवायला कच्चा कॉर्नस्टार्च लागतो, मोठ्यांना साधारण दर चार ते सहा तासांनी, रात्रीसुद्धा. आपल्याकडे दुकानात जे कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतं तोच कॉर्नस्टार्च, पिवळं मक्याचं पीठ नव्हे, इंदूरच्या सियागंज बाजारात दोन्ही एकाच दुकानात असतात आणि लोक चुकतात. थंड पाण्यात ढवळून प्यायचा, गरम पाण्यात घातला की शिजतो आणि लवकर पचून जातो, काम करत नाही. गॅलेक्टोसेमियावाल्यांनी, म्हणजे दुधातल्या साखरेतलं गॅलेक्टोज ज्यांना मोडता येत नाही त्यांनी, लॅक्टोज फ्री दूध चालेल असं समजू नये, त्यात लॅक्टोज फोडलेलं असतं पण गॅलेक्टोज तिथेच असतं, दही ताक पनीर मावा तर नकोच, त्यामुळे हाडांसाठी कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिनकडे डॉक्टरांचं लक्ष हवं. फ्रुक्टोज (फळांतली साखर) न सोसणारे लोक बहुतेक लहानपणापासून गोडापासून स्वतःच लांब राहतात, दात एकदम छान असतात, घरचे म्हणतात जलेबी का खात नाही. त्यांना आग्रह करू नका प्लीज. साखर, गूळ, मध, फळं आणि औषधांच्या सिरपमधलं सॉर्बिटॉल, सगळंच वर्ज्य.

आणि उपास. हरतालिका, निर्जला एकादशी, नवरात्र, आपल्या घरांत हे सगळं मनापासून केलं जातं आणि त्याचा आदर आहे. पण एमएसयूडी (यात प्रोटीनमधली दुसरी काही अमायनो ॲसिड मोडत नाहीत), युरिया सायकलचे आजार (यात प्रोटीन मोडल्यावर होणारा अमोनिया रक्तात साचतो), ग्लायकोजेन स्टोरेज आणि फॅटी ॲसिड न वापरता येणाऱ्यांना उपाशी राहणं खरोखर धोक्याचं आहे. देवापुढे दिवा लावा, खाऊन लावा. युरिया सायकलचा त्रास काही बायकांना तर बाळंतपणानंतरच पहिल्यांदा कळतो, आणि काही जणांना जिममधल्या प्रोटीन शेकनंतर. न थांबणाऱ्या उलट्या, पेंग, बोलण्यात गोंधळ असेल तर डॉक्टरांना रक्तातला अमोनिया तपासायला सांगा आणि त्याच तासात हॉस्पिटलला पोचा. ताप किंवा जुलाब असतील तेव्हाही शरीर आतून प्रोटीन मोडतं, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलं इमर्जन्सी लेटर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी हा आजार कधी पाहिलेला नसू शकतो.

खर्चाचं बरेच जण विचारतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात पीकेयू, एमएसयूडी, गॅलेक्टोसेमिया असे खास आहारावर चालणारे आजार दुसऱ्या गटात घेतलेत आणि नेमलेल्या सेंटरमधून अर्ज करता येतो. कागद जमवताना अडलात तर दुकानात या, आम्ही दोन घरांचे अर्ज भरून दिलेत, तुमचाही बसून भरू.

एवढंच लक्षात असू द्या की हा कागद वाचून कोणी स्वतःहून प्रोटीन कमी करू नये, आजार कुठला ते पक्कं झाल्याशिवाय आम्ही पीठ देत नाही, रिपोर्ट मागतो, राग मानू नका. पाकीट उघडलं की हवाबंद डब्यात ठेवा, पावसाळ्यात फ्रीजमध्ये, आणि त्याच चाळणीत बेसन चाळू नका.