हायब्रिड की एमटीबी? शॉकअप सोडा, टायर बघा

वडगावातून उद्यमबागला किंवा येळ्ळूरहून कॅम्पात सायकलने कामाला जायचं ठरलं, की पहिला प्रश्न ठरलेला: "बेळगावचे रस्ते बघता शॉकअपवालीच घ्यायला पाहिजे, नव्हे?" ऐकणाराही "होय की" म्हणून मोकळा होतो. मग पंधरा-सोळा किलोचं धूड कपिलेश्वर पुलावर धापा टाकत चढवायचं.

एमटीबी, म्हणजे जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली डोंगरी सायकल (माउंटन बाइक), सगळ्यांच्या ओळखीची आहे. हायब्रिड म्हणजे तिची रस्त्यासाठीची, जरा बारीक टायरची बहीण. तिलाही तसंच सरळ हँडल, तसेच गियर, बऱ्याचदा तसेच डिस्क ब्रेक. चाकाच्या मापावरून तर वाद घालूच नका: २९ इंची एमटीबी आणि ७०० सी हायब्रिड, दोन्हींच्या रिमवर टायर बसतो तो व्यास एकच, ६२२ मिलिमीटर. गियर २१ की २४, हाही रिकामपणचा उद्योग.

खरा घोळ शॉकअपचा आहे. खड्ड्याचा दणका आणि रस्त्याची खरखर ही दोन वेगळी दुखणी आहेत. रोजच्या वाटेवर हात बधिर होतात ते खरखरीने: उखडलेलं डांबर, पसरलेली खडी, पेव्हर ब्लॉक. स्वस्त शॉकअपमध्ये बहुधा नुसती स्प्रिंग असते. तिच्या नळ्या एकमेकींवर इतक्या घासतात की बारीक हादऱ्याला त्या हलतच नाहीत. ती खरखर गिळतो टायर, कारण आतली हवा लगेच दबते. डनलपने १८८८ साली बेलफास्टमध्ये हवेचा टायर बनवला तो मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत म्हणूनच. तेव्हा टायर म्हणजे भरीव रबर.

शिवाय शॉकअप पुढच्या चाकाला, आणि तुमचं निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावर. कण्याला बसणारा मार मागून येतो. पुढच्या स्प्रिंगचा त्याच्याशी काही संबंध नाही. (मागेही शॉकअप असलेली स्वस्त सायकल दाखवली, तर दुकानातून सरळ बाहेर पडा.) त्यात चढावर उभं राहून पायडल मारलं की पुढची बाजू खालीवर डुलते आणि पायातला जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. वजनाचं बोलायचं तर असा शॉकअप दोन-अडीच किलोचा. साधा, बिनस्प्रिंगचा लोखंडी चिमटा (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) साधारण त्याच्या निम्मा.

मोठ्या खड्ड्यावर कामी येतात ते तुमचे गुडघे. वेग कमी करा, सीटवरून जरा उठा, कोपर सैल सोडा.

म्हणून कामाला जायला माझं मत ठाम आहे: साधा चिमटा आणि ३८ ते ४२ मिलिमीटरचा टायर. दुकानात २८ मिलिमीटरचे टायर लावलेली चकाचक हायब्रिडही भेटेल. ती आपल्या रस्त्यांना नको. आणि कृपा करून हवा दगडासारखी कडक भरून घेऊ नका. अंगठ्याने दाबून "बरोबर हाय" म्हणणाऱ्यावर विसंबण्यापेक्षा दाब दाखवणाऱ्या काट्याचा पंप घ्या. सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या माणसाने ४० च्या टायरमध्ये पुढे ४५ आणि मागे ५०-५५ पीएसआयपासून (हे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करावी. टायरच्या कडेला छापलेली मर्यादा मात्र पाळावी. फार कमी ठेवलीत तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

एमटीबी वाईट नाही. वैजनाथाच्या डोंगरात पायवाटेने उतरायचं असेल तर तीच हवी, पण तिथे लागणारा तेल-हवेचा चांगला शॉकअप एकटाच कामावर न्यायच्या अख्ख्या सायकलीच्या किमतीला जातो. चिखलात पकड देणारे टायरचे गट्टे काँग्रेस रोडच्या डांबरावर नुसते घूं-घूं करतात आणि वेग खातात.

एमटीबी घेऊन बसलाच असाल तर विकायची घाई नको. गट्ट्यांचे टायर काढून पावणेदोन इंची गुळगुळीत बसवा. शॉकअपला लॉक (तो हलू न देणारी कळ) असेल तर चढावर तो लावा. निम्मं गाऱ्हाणं तिथेच मिटतं.

नवी घेणाऱ्यांनी दुकानात वाकून एवढं तपासावं: चिमट्याच्या टोकाला मडगार्डची आणि मागे करियरची भोकं आहेत का. शॉकअपवाल्या चिमट्याला मडगार्डची भोकं सहसा नसतात. मग प्लॅस्टिकची आखूड पट्टी अडकवून देतात, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पँटवर तांबड्या चिखलाची रांगोळी घेऊन ऑफिसात शिरावं लागतं.