संगणकाला तारीख कोण सांगतो : एका छोट्या कमांडची पार्श्वभूमी

‘नेट चालू आहे, पण एकही साइट उघडत नाही, बँकेची तर नाहीच नाही’ अशी तक्रार घेऊन अजूनही अधूनमधून एखादा जुना संगणक माझ्याकडे येतो. मी आधी कमांडची, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायची, काळी खिडकी उघडतो आणि ‘डेट’ एवढा एकच शब्द टाइप करतो. उत्तरात बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षांपूर्वीची तारीख येते. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल संपलेला असतो, त्यामुळे वीज गेली की यंत्र जुन्या तारखेवर जाऊन बसते. बँकेच्या साइटचे प्रमाणपत्र, म्हणजे ती खरी असल्याचा मुदतबंद दाखला, मग त्याला भविष्यातले वाटते आणि यंत्र साइट उघडू देत नाही. सेल बदलायचा, तारीख-वेळ टाकायची, की काम झाले.

हे काम पाच मिनिटांचे आहे. पण त्यातल्या दोन मिनिटांच्या टायपिंगमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो मला कायम मोलाचा वाटत आला आहे. संगणकाला वेळ ठाऊक नसते. तो फक्त मोजतो. कुठून मोजायचे आणि मोजलेले कोणत्या गावाच्या घड्याळात दाखवायचे, हे त्याला बाहेरून कुणीतरी सांगावे लागते.

सांगण्याची गरज संगणकाच्या आधीपासूनची. आमचे सोलापूर पूर्व रेखांशाच्या सुमारे ७५.९ अंशांवर आहे. सूर्याच्या हिशेबाने इथली वेळ ग्रीनिचच्या ५ तास ३ मिनिटे ३८ सेकंद पुढे. १८६० साली रेल्वे सोलापुरात पोचली आणि पुढे रेल्वेने देशभर मद्रासची वेळ धरली. ती ग्रीनिचपेक्षा ५ तास २१ मिनिटे १० सेकंद पुढे. म्हणजे स्टेशनावरचे घड्याळ गावातल्या सूर्यापेक्षा साडेसतरा मिनिटे पुढे चालायचे. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, आणि पुढे एकामागून एक उभ्या राहिलेल्या गिरण्यांच्या भोंग्यांवर गावाच्या पूर्व भागातली घरे उठू-जेवू लागली. भोंगा हीच गावाची वेळ. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. त्या हिशेबाने सोलापुरातला सूर्य घड्याळाच्या सुमारे २६ मिनिटे मागे आहे. सरासरी मध्यान्ह इथे १२ वाजून २६ मिनिटांनी होते. पंचांगकर्त्यांना हे वेगळे सांगायला नको. दाते पंचांग याच गावातले, आणि गाव बदलले की सूर्योदय बदलतो हे त्या गणिताचे पहिले पाऊल.

संगणकाकडे ही सगळी गुंतागुंत उशिरा आली. अमेरिकेत बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली तयार झाली आणि नोव्हेंबर १९७१ च्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत ‘डेट’ ही कमांड आहे. त्या वेळी यंत्र सेकंदाच्या साठाव्या भागात मोजायचे. हा साठ आकडा आला तिकडच्या विजेतून. तिची वारंवारता ६० हर्ट्झ. मोजणी १ जानेवारी १९७१ पासून धरली होती आणि ती साठवायला ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक मावणाऱ्या ३२ जागा. गुणाकार करून पाहिला तर ३२ बिटांची जागा ८२९ दिवसांतच भरते. करणाऱ्यांनाही हे दिसत होते. त्यामुळे काही वर्षांतच मोजणी पूर्ण सेकंदांवर आणली गेली आणि आरंभ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीवर स्थिर झाला. ही मध्यरात्र ग्रीनिचची. आपल्याकडे तेव्हा गुरुवारची पहाट, साडेपाच वाजलेले. म्हणून एखाद्या मोबाइलमध्ये किंवा ॲपमध्ये तारीख हरवली की ‘१ जानेवारी १९७०, पहाटे ५.३०’ असे दिसते. तो शून्य आहे. साडेपाच तास आपल्या प्रमाणवेळेचे.

सोलापुरातल्या माझ्या पिढीची गाठ मात्र युनिक्सशी नाही, डॉस या दुसऱ्या प्रणालीशी पडली. आयबीएमचा पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. त्यात वीज गेल्यावर चालू राहणारे घड्याळच नव्हते. आत एक टायमर सेकंदाला १८.२ ठोके द्यायचा; डॉस ते मोजायचे, तेही यंत्र चालू असेपर्यंत. म्हणून दर वेळी सुरू झाल्यावर ते आधी तारीख विचारायचे, मग वेळ. समोर दिसायचे : आजची तारीख मंगळवार १-१-१९८०, नवी तारीख टाका. १९८० यासाठी, की फाइलच्या नोंदीत वर्षाला फक्त सात बिट दिले होते आणि मोजणी १९८० पासून धरली होती. सेकंदांना पाचच बिट उरले, त्यामुळे फाइलची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जाई. डॉसच्या फाइलवर विषम सेकंद कधी दिसायचाच नाही.

१९९० च्या आसपास मी एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर बिलांचे काम बघत असे. यंत्र जुने, घड्याळाविना, आणि लोडशेडिंगमुळे दिवसातून दोन-तीनदा बंद पडणारे. दिवाणजी प्रत्येक वेळी तारखेच्या प्रश्नावर एंटर मारत.

‘दिवाणजी, तारीख टाका की ओ,’ मी म्हणायचो.

‘अहो, एंटर मारलं की पुढं जातंय. बिलावर हातानं लिहितो की आपण.’

बिलावरची तारीख हाताने होत होती, हे खरेच. पण फाइलींवर सगळीकडे १-१-८० पडत होते. उधारीच्या खात्याच्या दोन फ्लॉप्या होत्या, एक पेढीवर, एक मालकांच्या घरी. एकदा हार्ड डिस्क बिघडली. फ्लॉपीवरून खाते परत आणायचे तर दोन्हींवर तीच तारीख. नवी कोणती, जुनी कोणती, सांगायला काही आधार नाही. मी चुकीची निवडली आणि नव्या खात्यावर जुने चढवले. अकरा दिवसांच्या नोंदी गेल्या. दिवाणजी आणि मी चार रात्री कच्च्या चिठ्ठ्यांवरून त्या परत भरल्या. तारीख ही शोभेची गोष्ट नाही, हे मी त्या चार रात्रींत शिकलो.

त्यानंतर मी त्या यंत्राच्या ‘ऑटोएक्झेक’ या, सुरू होताना आपोआप चालणाऱ्या, फाइलच्या सुरुवातीला ‘डेट’ आणि ‘टाइम’ या दोन ओळी घातल्या. कारण ही फाइल असली की डॉस आपणहून तारीख विचारत नसे. विचारायला लावायचे तर कमांड हाताने लिहावी लागे. दुसरी अडचण क्रमाची होती. डॉस अमेरिकी पद्धतीने आधी महिना धरायचे. दिवाणजींनी पाच जूनसाठी ५-६ टाकले की यंत्र सहा मे समजायचे आणि अवाक्षर काढायचे नाही. तेरा तारखेपासून पुढे ते हटून बसायचे, ‘चुकीची तारीख’ म्हणायचे. म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस चूक गुपचूप शिरायची आणि उरलेले दिवस भांडण. यावर उपाय म्हणून आम्ही डॉसच्या सेटिंगमधल्या ‘कंट्री’ या ओळीत ब्रिटनचा ०४४ हा संकेतांक टाकला. मग दिवस आधी, महिना नंतर.

खरे तर घड्याळ पीसीत येऊन सहा वर्षे झाली होती. १९८४ च्या आयबीएमच्या एटी या पुढच्या पीसीमध्ये मोटोरोलाची एक घड्याळ-चिप आणि तिला जिवंत ठेवणारी बॅटरी होती. स्वस्तातली जुनी यंत्रे सोलापुरात बरीच वर्षे चालली, इतकेच. त्या चिपसोबत क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद उरतो. हा स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत चोख चालतो आणि तापमान तिथून वर किंवा खाली गेले, दोन्हीकडे मागे पडतो. सोलापूरचा मे महिना आठवा. बाहेर बेचाळीस, बंद खोलीतल्या डब्यात पन्नास. त्या तापात घड्याळ दिवसाला पावणेदोन-दोन सेकंद, म्हणजे महिन्याला जवळपास मिनिटभर मागे पडू शकते. उन्हाळ्यात ‘संगणक मागे चालतोय’ म्हणणारी माणसे खोटे बोलत नसतात.

यावरचा उपाय नेटवर्कवरून आला. पुढे अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक झालेले डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत मांडली, तीच एनटीपी. यंत्र वेळेच्या सर्व्हरला विचारते, प्रश्न जायला आणि उत्तर यायला लागलेला वेळ हिशेबात धरते आणि आपले घड्याळ सरकवते. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने काढलेल्या निर्देशांत कंपन्यांनी आणि सेवा पुरवणाऱ्यांनी आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसी या सरकारी संगणक केंद्राच्या सर्व्हरशी जुळवावीत असे सांगितले आहे. कारण साधे : चोरी कोणत्या क्षणी झाली हे दहा यंत्रांच्या नोंदी ताडून ठरवायचे, तर दहाही घड्याळे एकच हवीत.

आज युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्सवर ‘डेट’ तशीच आहे. नुसती लिहिली की दाखवते. पुढे आकडे दिले की लावते, पण फक्त रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याला, लावू देते. आकड्यांचा जुना क्रम विचित्र आहे : महिना, दिवस, तास, मिनिटे आणि वर्ष शेवटी. १५ ऑगस्ट २०२४, सकाळी साडेदहा हे इंग्रजी अंकांत ०८१५१०३०२०२४ असे सलग लिहायचे. नव्या यंत्रांवर ‘टाइमडेटसीटीएल’ ही कमांड सोयीची. विंडोजच्या काळ्या खिडकीत डॉसच्या ‘डेट’ आणि ‘टाइम’ अजून जिवंत आहेत, फक्त ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावी लागते.

मात्र क्रम सांभाळावा : आधी टाइमझोन (कुठल्या प्रदेशाची वेळ दाखवायची ते), मग वेळ. पुष्कळ जण उलटे करतात. झोन चुकलेला असताना ते घड्याळ हाताने साडेपाच तास पुढे ढकलतात. पडद्यावर सगळे बरोबर दिसते, आतला मूळ आकडा मात्र साडेपाच तासांनी खोटा होतो. असाच घोळ एका यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की होतो. विंडोज चिपमध्ये स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स ग्रीनिचची धरते. एकातून दुसऱ्यात गेले की घड्याळ बरोबर साडेपाच तास उडी मारते. फरक नेमका साडेपाचचा दिसला, तर सेलला दोष देऊ नका. हिशेब झोनचा आहे.

जगभरच्या झोनची यादी हा त्या सगळ्या यंत्रणेतला मला सर्वांत आवडणारा भाग. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात ती सुरू केली. देशाऐवजी खंड आणि तिथले मोठे शहर अशी नावे, म्हणून भारताला ‘एशिया/कोलकाता’; २००८ पर्यंत ते ‘कॅलकटा’ होते. मुंबई, सोलापूर, चेन्नई सगळे त्यातच. या नावाच्या पोटात भारतीय वेळेचा इतिहास भरलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात देशाची घड्याळे तासभर पुढे केली होती, ऑक्टोबर १९४५ मध्ये ती मागे आली. यादीत त्याची नोंद आहे. १९०० सालातली एखादी तारीख विचारा, उत्तर रेल्वेच्या मद्रास वेळेत येईल, ५ तास २१ मिनिटे १० सेकंदांच्या हिशेबाने.

१९७० पासूनचे सेकंद ज्या यंत्रांत अजून अधिक-उणे चिन्हासह ३२ बिटांत साठवले जातात, त्यांची जागा १९ जानेवारी २०३८ रोजी भरेल. त्या दिवशी मंगळवार आहे. आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद होतील, सोलापुरात सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरलेला असेल. ६४ बिटांच्या यंत्रांना त्याची झळ नाही, आणि लिनक्सने २०२० च्या ५.६ आवृत्तीत ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही मोठी जागा करून ठेवली. जुन्या यंत्रांत मात्र पुढच्या सेकंदाला आकडा उलटून ऋण होईल. ग्रीनिचच्या हिशेबाने ती तारीख १३ डिसेंबर १९०१, रात्री ८ वाजून ४५ मिनिटे ५२ सेकंद. यादीतल्या आजच्या नोंदीप्रमाणे भारताच्या झोनमध्ये असलेले यंत्र तिला मद्रास वेळ लावील आणि दाखवील : १४ डिसेंबर १९०१, रात्रीचे २ वाजून ७ मिनिटे २ सेकंद. तेव्हा सोलापूर स्टेशनावरच्या घड्याळात जेवढे वाजले असते, तेवढेच.