स्वपीडनाचं निदान: एका कादंबरीकाराच्या आडनावापासून आयसीडी-११ पर्यंत

लिओपोल्ड फॉन साखर-माझोख हयात होते, लिहिते होते, तेव्हाच त्यांचं आडनाव एका विकृतीला चिकटवलं गेलं. दुसऱ्याच्या पूर्ण ताब्यात जाण्यात, अपमानात किंवा वेदनेत लैंगिक सुख शोधणाऱ्या प्रवृत्तीला १८९० साली रिशार्ड फॉन क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञांनी ‘मॅसोकिझम’, म्हणजे स्वपीडन, म्हटलं. आधार होता माझोख यांच्या १८७० मधल्या ‘व्हीनस इन फर्स’ या लघुकादंबरीचा. तिचा नायक फरचा कोट घालणाऱ्या स्त्रीचा गुलाम व्हायचा लेखी करार करतो. माझोख यांनी स्वतःही १८६९ मध्ये फॅनी पिस्टर यांच्याशी सहा महिन्यांचा असा करार केला होता. पण लेम्बर्गमध्ये, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या लविव्हमध्ये, जन्मलेला हा लेखक त्या काळी ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या गॅलिशिया प्रांतातल्या शेतकऱ्यांच्या आणि ज्यूंच्या जगण्यावरच्या कथांसाठी नावाजलेला होता. ते सगळं लेखन या एका शब्दाखाली गाडलं गेलं. एका जिवंत माणसावर वैद्यकाने केलेला हा अन्याय मला आजही खुपतो.

या विषयाकडे लक्ष देणारे क्राफ्ट-एबिंग पहिले नव्हते. फटक्यांनी कामोत्तेजना का होते, यावर ल्यूबेकचे वैद्य योहान हाइनरिश माइबोम यांनी सतराव्या शतकातच लॅटिनमध्ये पुस्तिका लिहिली होती. लहानपणी खाल्लेल्या माराने आपल्या वासनेला कसं वळण लागलं, हे फ्रेंच विचारवंत रूसो यांनी आत्मचरित्रात सांगून टाकलं होतं. क्राफ्ट-एबिंग यांचं वेगळेपण असं, की त्यांनी या गोष्टीला रोगांच्या यादीत जागा दिली. त्यांचा ‘सायकोपॅथिया सेक्शुअलिस’ हा ग्रंथ १८८६ मध्ये निघाला आणि पुढच्या आवृत्त्यांत वाढत गेला. वाचणारे स्वतःची कहाणी पत्रांतून त्यांना कळवत आणि ती पुढच्या आवृत्तीत येई. त्यांचं एक निरीक्षण मात्र अजून टिकून आहे: या प्रवृत्तीचा गाभा वेदनेत नाही, दुसऱ्याच्या इच्छेपुढे स्वतःला सोपवण्यात आहे. त्याच दमात त्यांनी असंही मांडलं, की शरणागती हा स्त्रीचा निसर्गधर्मच आहे, तेव्हा खरा रोग पुरुषात दिसतो. या वाक्याची किंमत पुढे अनेक स्त्रियांनी मोजली.

इंग्लंडमध्ये लैंगिकतेचे अभ्यासक हॅवलॉक एलिस यांनी १९०३ मध्ये प्रेम आणि वेदना यांच्या नात्यावर सविस्तर लिहिलं. पीडा देणं आणि पीडा घेणं ही दोन टोकं नाहीत, एकाच भावनेच्या बाजू आहेत आणि सर्वसाधारण प्रणयातही त्यांच्या छटा असतात, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडच्या वाचकाला हे नवं वाटू नये. कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणात नखक्षतं, दंतक्षतं आणि प्रहार यांची चर्चा आहेच. शिवाय कुंतलच्या शातकर्णी सातवाहनाच्या अशाच प्रहाराने मलयवतीचा जीव गेल्याचा दाखला देऊन वात्स्यायनाने धोक्याचा इशाराही दिला आहे.

मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांचं मत या विषयावर आयुष्यभर बदलत राहिलं. १९०५ मध्ये त्यांना स्वपीडन म्हणजे आतल्या बाजूला वळलेली आक्रमकता वाटत होती. १९२० मध्ये मृत्युप्रेरणेची, म्हणजे माणसात नाशाकडे ओढणारी एक मूळ प्रेरणा असते ही, कल्पना मांडल्यावर त्यांनी हा क्रम उलटवला: आता स्वपीडनच मूळचं ठरलं. १९२४ च्या निबंधात त्यांनी तीन प्रकार केले: कामोद्दीपक, स्त्रैण आणि नैतिक. ‘स्त्रैण’ प्रकाराचं वर्णन त्यांनी मुख्यतः पुरुष रुग्णांवरून केलं होतं. विल्हेल्म राइश यांनी १९३२ मध्ये मृत्युप्रेरणेवरच हल्ला चढवला आणि गुरू-शिष्यांत बिनसलं. मनोविश्लेषक हेलेन डॉइच यांनी स्त्रीच्या मनोजीवनात स्वपीडन मूळचंच असतं, असा सिद्धांत मांडला. त्यांच्याच क्षेत्रातल्या कॅरेन हॉर्नी यांनी १९३५ मध्ये त्याला उत्तर दिलं: ज्या समाजात स्त्रीला पैसा, निर्णय आणि मोकळीक नाकारली जाते, तिथे तिची सहनशीलता स्वभाव म्हणून मोजायची कशी? माझ्या मते या साऱ्या वादातला हा सर्वांत नेमका प्रश्न होता. त्याकडे पुढची कित्येक वर्षं कुणी नीट पाहिलं नाही.

त्याचा परिणाम १९६४ मध्ये दिसतो. अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित मनोविकार नियतकालिकात, बायकोला मारहाण केल्याचा आरोप असलेल्या पुरुषांच्या पत्नींवर लेख आला. नवऱ्याचा मार पत्नीची स्वपीडनाची गरज भागवतो, असा त्याचा रोख होता. शय्यागृहातल्या, राजीखुशीच्या वर्तनासाठी घडवलेला शब्द आता मार खाणाऱ्या बाईलाच जबाबदार धरायला वापरला जात होता. १९८५ मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम या निदानपुस्तिकेत ‘मॅसोकिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ (स्वपीडक व्यक्तिमत्त्वाचा विकार) घालायचा प्रस्ताव आला, तेव्हा पॉला कॅप्लन, लेनोर वॉकर अशा मानसशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला. हिंसाचारात अडकलेल्या बाईला त्यामुळे वेडाचा शिक्का बसेल, हा त्यांचा मुद्दा होता. नाव बदलून ‘सेल्फ-डिफीटिंग’ (स्वतःचंच नुकसान करणारं) झालं आणि १९८७ च्या आवृत्तीत हे निदान परिशिष्टात गेलं. १९९४ च्या आवृत्तीतून ते पूर्णच गळालं. संघटित विरोधाने निदान मागे घ्यायला लागल्याची अशी उदाहरणं थोडीच आहेत.

तोवर एक मूलभूत उणीव तशीच राहिली होती. डॉक्टरांचे सिद्धांत दवाखान्याची पायरी चढणाऱ्यांवर बेतलेले होते. बाहेरच्या माणसांना विचारायला सुरुवात केली अमेरिकेतले लैंगिकता-संशोधक किन्सी यांनी. त्यांच्या १९५३ च्या अहवालात सुमारे १२ टक्के स्त्रिया आणि २२ टक्के पुरुषांनी पीडा देण्याघेण्याच्या गोष्टींनी उत्तेजना येते असं सांगितलं. १९७७ मध्ये आंद्रेआस स्पेंगलर यांनी पश्चिम जर्मनीतल्या २४५ पुरुषांचा अभ्यास छापला. क्लब आणि जाहिरातींतून गाठलेले हे लोक एरवी नेहमीसारखं आयुष्य जगत होते. मोठा आधार २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आला. १९,३०७ जणांच्या दूरध्वनी सर्वेक्षणात, लैंगिकदृष्ट्या सक्रिय लोकांपैकी १.८ टक्क्यांनी वर्षभरात असं वर्तन केल्याचं सांगितलं. त्यांच्यात लैंगिक जबरदस्तीचा पूर्वानुभव किंवा मानसिक त्रास इतरांपेक्षा जास्त आढळला नाही. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या ९०२ जणांच्या अभ्यासातही चित्र असंच होतं. ही माहिती लोकांनी स्वतः सांगितलेली आहे आणि डच अभ्यासात भाग घेणारे आपणहून पुढे आलेले होते, हे ध्यानात ठेवलं पाहिजे. तरी शतकभर मोजक्या रुग्णांवरून काढलेल्या निष्कर्षांपेक्षा मी यांवर अधिक विश्वास ठेवतो.

आकडे हाती आल्यावर वर्गीकरणही हललं. डेन्मार्कने १९९५ मध्ये, स्वीडनने २००९ मध्ये सॅडोमॅसोकिझमचं, म्हणजे पीडा देण्याघेण्याचं, निदान आपल्या यादीतून काढलं. २०१३ च्या डीएसएम-५ ने आवड आणि विकार वेगळे केले: मनस्ताप होत असेल किंवा जगण्यात अडथळा येत असेल, तरच विकार. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही यादी २०१९ मध्ये मंजूर होऊन जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात सॅडोमॅसोकिझम हे स्वतंत्र निदान उरलेलं नाही. दुसऱ्यावर संमतीविना लादलेली लैंगिक क्रूरता मात्र विकार म्हणून कायम आहे. संमतीने किंवा एकट्याने केलेल्या वर्तनाचं निदान करायचं, तर त्या व्यक्तीला तीव्र मनस्ताप हवा, आणि तोही केवळ लोक काय म्हणतील या भीतीपोटी आलेला नको. नाहीतर गंभीर इजेचा किंवा मृत्यूचा धोका हवा. उत्तेजनेसाठी श्वास कोंडून घेणाऱ्यांचा जीव खरोखर जातो, त्यामुळे डीएसएम-५ मध्येही त्याची वेगळी नोंद करायला सांगितली आहे.