थ्रॉटल जड झालाय? आधी वळणं मोजा

शिडाच्या बोटीवर इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे वेग कमी-जास्त करायचा दांडा, जड झाला की सल्ले ठरलेले असतात. एक म्हणतो, "तेल मार." दुसरा म्हणतो, "जोर लावून चार-सहा वेळा पुढे-मागे कर, सुटेल." दोघांचाही समज असा की बिघाड दांड्यातच आहे, कारण हाताला तो तिथे जाणवतो. पण जडपणा जाणवतो एका टोकाला आणि जन्मतो बहुतेक वेळा दुसरीकडे. मधल्या प्रवासात तो कसा फुगत जातो, याचं गणित फार देखणं आहे. ते एकदा कळलं की पाना नेमका कुठे लावायचा हे आपोआप कळतं.

आधी रचना पाहू. दांडा कॉकपिटमध्ये, म्हणजे बोट चालवायच्या जागेत असतो. अनेक बोटींवर तो सुकाणूच्या चाकाच्या पेडेस्टलवर (खांबावर), होकायंत्राच्या खाली बसवलेला असतो. इंजिन असतं खाली, पायऱ्यांच्या मागे. दोघांना जोडते काही मीटर लांबीची केबल. लवचीक आवरणातून सरकणाऱ्या तारेच्या या युक्तीचं पेटंट अर्नेस्ट बाउडन यांनी 1896 मध्ये घेतलं आणि सायकलच्या ब्रेकमुळे ती जगभर पोचली. सायकलची तार फक्त ओढते. बोटीच्या थ्रॉटलची तार ओढते आणि ढकलतेही, म्हणून ती जाड आणि ताठ असते. तिच्याभोवती प्लास्टिकचं गुळगुळीत अस्तर, त्यावर पोलादी तारांचं कवच आणि सगळ्यात बाहेर पुन्हा प्लास्टिक. डिझेल इंजिनाच्या बाजूला ही तार इंधनपंपाच्या गव्हर्नरची (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाची) छोटी पट्टी फिरवते आणि ती पट्टी स्प्रिंगच्या विरोधात फिरत असते.

आता मुख्य गोष्ट. सरळ जाणाऱ्या केबलमध्ये तार अस्तराला जेमतेम टेकते. वळण आलं की ताणलेली तार वळणाच्या आतल्या भिंतीवर दाबली जाते. ताण जेवढा जास्त तेवढा दाब जास्त आणि दाब जेवढा जास्त तेवढं घर्षण जास्त. वळणाचा अगदी छोटा तुकडा घ्या. तिथे लागणारं घर्षण म्हणजे घर्षण गुणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात ते सांगणारी संख्या), ताण आणि त्या तुकड्याचा कोन यांचा गुणाकार. हे घर्षण पुढच्या तुकड्यासाठी ताणात मिळवलं जातं. म्हणजे पुढचा तुकडा आणखी जोराने दाबला जातो, त्याचं घर्षण आणखी वाढतं आणि तेही पुन्हा ताणात जमा होतं. हे सरळव्याज नाही, चक्रवाढ व्याज आहे. मुद्दल म्हणजे इंजिनाकडचा विरोध, व्याजदर म्हणजे घर्षण गुणांक आणि मुदत म्हणजे वळणांचा एकूण कोन.

सूत्रात सांगायचं तर: घर्षण गुणांकाला एकूण कोनाने (रेडियनमध्ये, म्हणजे पूर्ण वेढ्याला सुमारे 6.28) गुणायचं आणि 2.718 या संख्येचा तेवढा घात काढायचा. इंजिनाकडचा विरोध तितक्या पट होऊन दांड्याकडे पोचतो. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर यांनी हा प्रश्न सोडवला आणि जर्मन अभियंता योहान आयटेलवाइन यांनी 1808 मध्ये तो आपल्या स्थितिशास्त्राच्या ग्रंथात मांडला. दोघांच्या नावाने आज ते सूत्र ओळखलं जातं. शिडाची बोट चालवणारे तर ते रोज वापरतात. विंचच्या (दोर ओढायच्या यंत्राच्या) ढोलाला दोराचे तीन वेढे दिले की वाऱ्याने भरलेलं शीड एका हाताने धरून ठेवता येतं. गुणांक 0.2 धरला तर तीन वेढ्यांत जोर सुमारे 43 पट होतो. विंचवर जे गणित आपल्या बाजूने लढतं, तेच थ्रॉटलच्या केबलमध्ये आपल्याविरुद्ध उभं राहतं.

आकडे घालून पाहू. दांड्याखाली 90 अंश, पेडेस्टलच्या तळाशी 90, इंजिनाच्या खणात शिरताना 90 आणि पंपाकडे वळताना 90. झाले 360 अंश, म्हणजे एक पूर्ण वेढा. पंपाची स्प्रिंग 10 न्यूटनचा, म्हणजे साधारण किलोभर, विरोध करते असं धरू. अस्तर गुळगुळीत आणि गुणांक 0.1 असेल तर केबलच्या वरच्या टोकाला 19 न्यूटन लागतील. गुणांक 0.2 झाला की 35. 0.3 झाला की 66. घर्षण तिप्पट झालं म्हणून जोर तिप्पट झाला असं होत नाही. गुणांक घातात बसलेला असतो, म्हणून जोर त्याहून वेगाने वाढतो. म्हणूनच अनेक हंगाम ठीक चाललेली केबल एका हंगामात एकदम असह्य वाटू लागते.

या सूत्रात वळणाची त्रिज्या कुठेच नाही. पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही. वळण तीव्र असेल तर दर सेंटिमीटरला दाब जास्त पडतो हे खरं, पण ते वळण लांबीला तितकंच कमी असतं. दोन्ही परिणाम एकमेकांना तंतोतंत कापतात आणि उरतो फक्त कोन. मग केबल हवी तशी मुरडायची का? नाही. ताठ तारेला वाकवायलाच जोर लागतो आणि छोट्या जागेवरचा मोठा दाब अस्तर खरवडून काढतो, मग गुणांकच वाढतो. वळणाची त्रिज्या साधारण 20 सेंटिमीटरपेक्षा कमी नको, असं या केबलींबाबत सांगतात ते त्यासाठी. पण रुंद वळण दिलं म्हणून घर्षण माफ होत नाही. शोभेसाठी केबल भिंतीच्या कडेकडेने, प्रत्येक कोपऱ्यात वळवत नेली असेल, तर प्रत्येक कोपऱ्याचा कोन बेरजेत येतो. वरच्या उदाहरणात एक 90 अंशांचं वळण काढून टाकलं तर 66 चे 41 न्यूटन होतात, तेही तेलाचा थेंब न घालता.

याच सूत्रातून निघणारी आणखी एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. पंपाच्या पट्टीची खीळ गंजून 5 न्यूटनचा जादा विरोध करू लागली, तर तो विरोध सगळी वळणं पार करून वर येतो आणि गुणांक 0.2 असताना दांड्याला साडेसतरा न्यूटन होऊन जाणवतो. तोच 5 न्यूटनचा विरोध दांड्याच्या खिळीत असता तर त्यात काहीच भर पडली नसती. म्हणून साफसफाई आणि ग्रीस यांचा सगळ्यात मोठा फायदा इंजिनाच्या टोकाला होतो. आपण मात्र वरच्या दांड्यावर तेल ओतत बसतो. परतीच्या प्रवासात गणित उलटं फिरतं. थ्रॉटल कमी करताना घर्षण स्प्रिंगला अडवतं आणि तिचे 10 न्यूटन वर पोचेपर्यंत तीनच्याही खाली येतात. जड केबलचा दांडा आपण ढकलल्याशिवाय मागे येत नाही तो त्यामुळे.

हा गुणांक वाढतो कशाने? मिठाने. समुद्राचं पाणी एकदा आत गेलं की ते खऱ्या अर्थाने वाळत नाही. शुद्ध मीठ सुमारे 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतली वाफ ओढून विरघळू लागतं आणि समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतही ओलं होतं. टोकाची रबरी टोपी तडकली की हे खारं पाणी तारेवरून ओघळत केबलच्या सगळ्यात खालच्या भागात साचतं. स्टेनलेस पोलादाचं रक्षण करणारा पातळ थर टिकायला ऑक्सिजन लागतो. बंद, ओल्या फटीत तो मिळत नाही आणि न गंजणारं पोलाद तिथे गंजतं. दांड्याच्या घरात वेगळीच भानगड असते. घर ॲल्युमिनियमचं, दांडा ज्यावर फिरतो ती दांडी स्टेनलेसची आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे तयार विद्युतघट. त्यात ॲल्युमिनियम खर्ची पडतं आणि त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, ती दांडीला चहूबाजूंनी आवळून धरते.

एका फवाऱ्यात सगळं मोकळं करून देणाऱ्या स्प्रेंच्या जाहिरातींवर म्हणूनच विसंबू नये. त्यांत बहुतांश विद्रावक असतो. तो उडून जातो, मागे तेलाचा पातळ पापुद्रा उरतो आणि जाताना तो आधीचं ग्रीसही धुऊन नेतो. अडकलेला स्क्रू सोडवायला ते उत्तम, पण अस्तर असलेल्या बंद केबलच्या मधल्या वळणापर्यंत ते पोचतच नाहीत. बोटीचं नाव बदललं की ती सूड उगवते, अशी समजूत आजही काही खलाशी बाळगतात आणि असल्या बिघाडाचं खापर तिच्यावर फोडतात. मिठाला बोटीचं नाव वाचता येत नाही.

तपासणी इंजिन बंद करून, खालून वर करायची. पंपाच्या पट्टीपासून केबलचं टोक सोडवा. एक स्प्लिट पिन किंवा एक नट, एवढंच काम असतं. पट्टी बोटाने फिरवून पाहा. ती स्प्रिंगच्या जोराने झटकन परतली पाहिजे. मग वर दांडा हलवा. अजून जड असेल तर वरचं टोकही सोडवून नुसती केबल हाताने सरकवा. तीन भाग वेगळे झाले की दोषी लपत नाही. गिअर आणि थ्रॉटल एकाच दांड्यावर असतील तर केबली दोन असतात. दांडा मधल्या जागेवरून निघताना अडत असेल तर संशय गिअरच्या केबलवर घ्या, गिअर पडल्यानंतर जड होत असेल तर थ्रॉटलच्या. आणि काहीही उघडण्याआधी दांड्याच्या घरातला घर्षणाचा स्क्रू पाहा. इंजिनाच्या थरथरीने थ्रॉटल आपोआप मागे सरकू नये म्हणून तो मुद्दाम दिलेला असतो. कुणीतरी तो जास्त पिळून ठेवलेला असेल तर दुखणं अर्ध्या फेरीत संपतं.

जोर लावून हलवत राहण्यात मात्र धोका आहे. केबलच्या टोकाची दांडी वाकते, आवरणाची पकड निसटते आणि केबल तुटते ती नेमकी धक्क्याला लागताना, जेव्हा दांडा सगळ्यात जास्त हलवला जातो. म्हणून पंपाची पट्टी कुठे आहे आणि इंजिन थेट कसं बंद करायचं, हे बोटीवरच्या प्रत्येकाला माहीत असावं.

आतून गंजलेल्या केबलवर इलाज नाही, ती बदलायचीच. जुनी ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला मजबूत दोरी बांधा, म्हणजे नवीन केबल त्याच वाटेने आत घेता येते. पण ती वाटच चुकीची असेल तर ही सोय मोहात पाडते. त्या दिवशी अर्धा तास देऊन एखादं वळण कमी करता येतं का ते पाहा आणि एक्झॉस्टच्या गरम नळीपासून केबल लांब न्या, कारण उष्णतेने अस्तर मऊ पडून तारेला धरतं. टोकं जोडल्यावर दांडा पूर्ण मागे असताना पंपाची पट्टी आपल्या खालच्या (मर्यादेच्या) स्क्रूला टेकते का आणि दांडा पूर्ण पुढे असताना वरच्या स्क्रूला टेकते का, हे डोळ्यांनी पाहा. टेकत नसेल तर टोकावरचा नट एक-दोन आटे फिरवून लांबी जुळवा, मगच पिन घाला.