रोजगार हमीचा पैसा नेमका कुणाचा?

रोजगार हमी दिल्लीहून आली आणि तिचा पैसाही दिल्लीचाच, असे मराठवाड्यात वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. 1972च्या दुष्काळात बीड-उस्मानाबादकडची माणसे सुकडी खाऊन खडी फोडत होती, त्याच काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्राने ही योजना सुरू केली, 1977 साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. केंद्राचा कायदा 2005चा, म्हणजे बराच नंतरचा.

पैशाचे उत्तर पगाराच्या पावतीवर आहे. दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापला जाणारा व्यवसाय कर 1975 साली याच योजनेसाठी लावण्यात आला, आणि कायद्याने त्याच्या निव्वळ वसुलीइतकीच रक्कम राज्याने हमी निधीत घालावी असे बंधन घातले. शहरातल्या नोकरदाराने दुष्काळी शिवारातल्या मजुराला दिलेला हा हात होता, आणि त्याची नोंद पुसली जाणे मला अन्यायाचे वाटते.

केंद्राच्या 2005च्या कायद्यात अकुशल मजुरी केंद्राने द्यायची होती, पण 100 दिवसांपर्यंतच; त्यापुढच्या दिवसांची मजुरी महाराष्ट्राच्याच तिजोरीतून.